पहिल्यांदाच आरव्ही घेऊन निघताय? फिनिक्स ते टूसॉन, मधे एक पूर्ण दिवस विमानांचा

आरव्ही म्हणजे मागे राहायचं घर असलेली मोठी मोटार. तिचं नाव काढलं की प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो, एवढं धूड चालवायचं कसं. चालवता येतं हो, दोन तासांत हात बसतो. वेळ खातं ते मागचं घर. रोज सकाळी वीज, पाणी, गटार तिन्ही जोडण्या काढायच्या, कपाटं लावायची, भांडी बांधायची आणि घर हलवायचं, संध्याकाळी दुसरीकडे जाऊन परत सगळं मांडायचं, आणि पहिले दोन दिवस तरी या प्रत्येक वेळेला तास-सव्वा तास आरामात जातो. हे लक्षात न घेता कारच्या हिशोबाने प्लॅन केला की ट्रिपची वाट लागते. आम्ही पहिल्या ट्रिपला लावली होती, चार दिवसांत नऊशे मैल, आणि शेवटच्या दिवशी घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. म्हणून आता आमचा नियम ठरलेला आहे, दिवसाला एकच मोठं काम. ज्या दिवशी म्युझियम त्या दिवशी लांबचं ड्रायव्हिंग नाही, आणि ज्या दिवशी ड्रायव्हिंग त्या दिवशी संध्याकाळी फार तर पाय मोकळे करायला एक चक्कर.

नवख्यांना मी ॲरिझोनाचाच रूट सांगतो. फिनिक्सला गाडी घ्यायची, आय-टेन या हायवेने टूसॉनला यायचं (सगळं मिळून ११५ मैलांच्या आसपास), तिथे दोन रात्री, मग पुढे कार्चनर केव्हर्न्स या गुहेपाशी एक-दोन रात्री, आणि परत फिनिक्स. रस्ता सरळ, घाट नाहीत, लेन रुंद, आणि मधे टूसॉनला पिमा एअर अँड स्पेस म्युझियम, जिथे ८० एकरांत चारशेच्या आसपास विमानं उभी आहेत. पाच रात्री धरा. चारही चालतील, पण तीन नको.

कधी जायचं

ऑक्टोबर शेवट ते मार्च. उन्हाळ्यात टूसॉनला चाळीस डिग्री सेल्सिअसच्या वर पारा जातो, आणि पिमाची बरीचशी विमानं उघड्यावर आहेत, त्यामुळे जुलैमध्ये गेलात तर अर्धं म्युझियम लांबूनच बघाल. हिवाळ्यात एकच अडचण, थंड राज्यांतले रिटायर्ड लोक आपापल्या आरव्ही घेऊन तिकडे मुक्कामाला येतात, त्यांना तिकडे स्नोबर्ड म्हणतात, आणि त्यात जानेवारी शेवट ते फेब्रुवारी मध्यापर्यंत टूसॉनला जगभरातल्या दगड-रत्नवाल्यांचा जेम शो भरतो. त्या दोन-तीन आठवड्यांत कॅम्पसाइट मिळणं मुश्किल. नोव्हेंबर किंवा मार्चची पहिली बाजू घ्या.

गाडी कुठली घ्यायची

क्लास ए म्हणजे बस, क्लास बी म्हणजे व्हॅन, आणि क्लास सी म्हणजे ट्रकच्या कॅबवर ठेवलेलं घर, ज्यात ड्रायव्हरच्या डोक्यावर एक बेड असतो आणि मुलं तो पहिल्या मिनिटाला पटकावतात. चार-पाच जणांना पहिल्या वेळी क्लास सी, पंचवीस फुटांच्या आसपासची. त्याहून मोठी घ्यायचा मोह होईल कारण भाड्यात फार फरक दिसत नाही, तरी घेऊ नका, वळवताना आणि कॅम्पसाइटमध्ये मागे घेताना प्रत्येक फूट जाणवतो. याला वेगळं लायसन्स लागत नाही, कारचं चालतं. भारतातलं लायसन्स असेल तर बुक करायच्या आधीच कंपनीला विचारून ठेवा, सोबत इंटरनॅशनल परमिट मागतात का ते.

भाड्याचा आकडा बघून खूश होऊ नका. त्यावर प्रत्येक मैलाचे वेगळे पैसे, जनरेटर चालवला तर तासाचे वेगळे, चादरी-भांड्यांच्या किटचे वेगळे, आणि पेट्रोल आपलं. क्लास सी गॅलनला आठ-दहा मैल देते, ५५ गॅलनची टाकी भरताना पंपावरचा आकडा फिरत बसतो आणि आपण दुसरीकडे बघायचं. इन्शुरन्सचं मात्र नीट वाचा. आपल्या कारच्या पॉलिसीत किंवा क्रेडिट कार्डात भाड्याची आरव्ही बऱ्याचदा धरत नाहीत, आणि कंपनीचं कव्हर घेतलं तरी छप्पर आणि गाडीची खालची बाजू अनेकदा त्यातून वगळलेली असते. नवखा माणूस ठोकतो ते छप्परच, हे त्यांना बरोब्बर माहीत असतं.

ताब्यात घेताना

कंपनीचा माणूस पाऊण तासात सगळं भराभर दाखवतो आणि आपण मान डोलावतो. डोलावू नका, मोबाईलवर पूर्ण व्हिडिओ करा, त्याच्या आवाजासकट. रात्री नऊ वाजता अंधारात वॉटर हीटरचं बटण कुठे होतं हे आठवत नाही तेव्हा तो व्हिडिओ म्हणजे देव. शिवाय चारही बाजू, चारही कोपरे, बंपर, ऑनिंग म्हणजे बाजूला उघडतं ते कापडी छत, सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

टायरकडे बघा. टायरच्या बाजूला डीओटी म्हणून एक लांब नंबर असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खूप जुना निघाला तर तिथल्या तिथे बोला, निघाल्यावर नाही.

आणि एक चिठ्ठी. गाडीची उंची फूट-इंचात लिहून स्टिअरिंगच्या समोर चिकटवा. वरच्या एसीसकट साधारण अकरा-बारा फूट भरते. हायवेवरच्या पुलांचं काही टेन्शन नाही, धोका असतो तो ड्राइव्ह-थ्रू, पार्किंग गॅरेज, हॉटेलचं पोर्च आणि झाडाची आडवी फांदी, म्हणजे सवयीने आपण जिथे न बघता घुसतो त्या सगळ्या जागा.

पहिला दिवस: जास्त लांब जाऊ नका

गाडी हातात पडेपर्यंत दुपारचे दोन-तीन वाजतात. त्यानंतर फक्त किराणा, आणि पिकाचो पीक स्टेट पार्क. फिनिक्सहून सत्तरएक मैल, आय-टेनला लागूनच, तो टोकदार डोंगर लांबूनच दिसायला लागतो. तिथे साइटवर विजेची सोय आहे, सुरुवातीला तेवढं पुरे.

रस्त्यावर साठ-पासष्टच्या वर जाऊ नका, लोक मागून ओव्हरटेक करतील, करू द्या. मोठा ट्रक बाजूने गेला की आधी गाडी बाहेर ढकलल्यासारखी होते आणि मग आत ओढल्यासारखी, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा पण झटका देऊन दुरुस्त करायला जाऊ नका. उजवीकडे वळताना नेहमीपेक्षा पुढे जाऊन मग वळा, नाहीतर मागचं चाक फुटपाथवर चढतं. आणि मागच्या चाकांच्या मागे जो आठ-दहा फूट भाग लोंबतो ना, तो वळताना उलट्या बाजूला बाहेर फिरतो. पेट्रोल पंपावर बरेच खांब यानेच ठोकले जातात, गाडीचं तोंड सुटलेलं असतं आणि शेपूट खांबाला लागतं. मोठ्या ट्रक स्टॉपवर आरव्हीसाठी वेगळ्या लेन असतात, तिथेच भरा. भरायच्या आधी प्रोपेनवरचा फ्रिज बंद.

या रस्त्याला धुळीची वादळं उठतात, खासकरून उन्हाळ्यात पावसाच्या आधी, आणि पिकाचोच्या आसपासचा पट्टा त्यासाठी बदनाम आहे. समोर तपकिरी भिंत दिसली तर त्यात शिरायचं नाही. शिरलातच तर डांबरी सोडून शक्य तितकं बाजूला घ्या, हँडब्रेक लावा, सगळे लाइट बंद करा आणि ब्रेकवरचा पाय काढा. लाइट चालू ठेवले तर मागून येणारा त्या लाल दिव्यांच्या मागे मागे येऊन आदळतो. ॲरिझोनाचं रस्ते खातं गेली कित्येक वर्षं हेच सांगतंय, पण पहिल्यांदा ऐकताना कानांना उलटंच वाटतं.

पहिल्या डाव्या वळणावर आमचं वरचं कपाट उघडलं आणि पोह्यांचा स्टीलचा डबा थेट आईच्या मांडीवर. पोहे मोटारभर. परत देईपर्यंत सीटच्या फटीतून पोहे निघत होते. निघताना एकाने प्रत्येक दार हाताने ओढून बघायचं, डोळ्यांनी नाही. आणि चालत्या गाडीत उठून फ्रिज उघडायला जायचं नाही, सगळे बेल्ट लावून बसलेले पाहिजेत, घर आहे म्हणून गाडी नाही असं होत नाही.

साइटवर पोचल्यावर

क्रम ठरवून टाका म्हणजे भांडणं होत नाहीत. आधी एक जण खाली उतरून मागे उभा राहतो, आरशात दिसेल असा, आणि हातवारे करतो. तो आरशातून दिसेनासा झाला की लगेच थांबायचं. गाडी लागली की लेव्हल बघा. फ्रिज प्रोपेनवर चालणारा जुन्या पद्धतीचा असेल तर गाडी तिरकी असताना तो नीट थंड करत नाही, शिवाय रात्री झोपेत सगळे एका बाजूला घरंगळतात. चाकाखाली प्लॅस्टिकचे ब्लॉक घालायचे, मग चाकं घरंगळू नयेत म्हणून चॉक म्हणजे पाचर, आणि मगच वीज.

विजेचं थोडं समजून घ्या. क्लास सीला बहुतेक ३० अँपची वायर असते. ३० गुणिले १२० व्होल्ट, म्हणजे ३,६०० वॅट, सगळं मिळून एवढंच. छतावरचा एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले, त्यात कोणी हेअर ड्रायर काढला की ब्रेकर पडलाच म्हणून समजा. ५० अँपच्या साइटवर चार तारा असतात, दोन फेजच्या, त्यामुळे तिथे १२,००० वॅटपर्यंत मिळतात, पण तुमची गाडीच ३० ची असेल तर त्या साइटचे जास्तीचे पैसे फुकट. खांबावरचा ब्रेकर बंद करून मगच प्लग घाला, मधे सर्ज प्रोटेक्टर लावा. आणि इंडियातून आणलेला मिक्सर घरीच ठेवा, तो २३० व्होल्टचा, इथे नुसता गुरगुरतो. चटणी करूनच निघा.

पाण्याला पांढरा होज, पिण्याच्या पाण्याचा, आणि नळाला प्रेशर रेग्युलेटर. काही ठिकाणी नळाला इतका जोर असतो की आतले प्लॅस्टिकचे पाइप सुटतात.

स्वयंपाक मस्त होतो, तीन बर्नर असतात, कुकर चालतो. फोडणी मात्र बाहेर. एवढ्याशा खोलीत मिरची तेलात पडली की धुराचा अलार्म कोकलायला लागतो, आणि तो बंद करायला स्टुलावर उभं राहून टॉवेल हलवणारा माणूस म्हणजे मी. छतावरचा पंखा आधीच चालू करा किंवा पोर्टेबल शेगडी घेऊन बाहेरच्या टेबलावर करा. रात्री दहानंतर बहुतेक सगळीकडे शांतता पाळतात, जनरेटरही बंद.

ऑनिंग रात्री आत घ्या, कितीही हवा छान वाटली तरी. वाळवंटात वारा सांगून येत नाही.

म्युझियमचा दिवस

आदल्या रात्री टूसॉनच्या दक्षिण-पूर्व बाजूला, आय-टेनजवळच्या एखाद्या फुल हुकअप, म्हणजे वीज-पाणी-गटार तिन्ही असलेल्या आरव्ही पार्कमध्ये राहा. शहराच्या उत्तरेला कॅटलिना स्टेट पार्क जास्त सुंदर आहे, डोंगर अगदी अंगावर येतात, पण तिथून म्युझियम म्हणजे अख्खं शहर ओलांडून जायचं. ज्यांना दोन्ही पाहिजे त्यांनी एक रात्र इकडे एक तिकडे करू नये, वर तासाचा हिशोब सांगितलाच आहे.

सकाळी उघडायच्या वेळेला पोचा. पार्किंग मोकळं आहे, लांबच्या कडेला दोन गाड्यांच्या जागेत आडवी न लावता मोठ्या गाड्यांची जागा बघून लावा. आता आरव्हीचा खरा फायदा: तुमचं जेवण, बाथरूम आणि बेड पार्किंगमध्येच उभे आहेत. दुपारी बारा-एकला बाहेर या, दहीभात खा, ज्यांना पडायचंय ते पडतील, आणि अडीचला परत आत. बाहेर पडताना गेटवर परत आत सोडतील ना एवढं विचारून घ्या. आई आणि आमचा नऊ वर्षांचा चिरंजीव या दोघांना घेऊन अख्खा दिवस म्युझियम होऊ शकलं ते या मधल्या दोन तासांमुळेच.

क्रम असा ठेवा: सकाळी थंड असताना उघड्यावरची विमानं, ऊन चढलं की हँगर. बहुतेक लोक दारातून शिरून पहिल्या हँगरमध्येच रमतात आणि मग भर दुपारी बाहेर भाजत फिरतात. चालायला त्रास असेल त्यांच्यासाठी ट्रॅम आहे, तिचं तिकीट वेगळं.

बाहेर सगळ्यात आधी बी-३६ हे बॉम्बर शोधा. शोधावं लागत नाही म्हणा. पंखांची रुंदी २३० फूट, सहा पंख्यांची इंजिनं, ती पण पंखाच्या मागच्या बाजूला, आणि टोकाला चार जेट. हे १९५४ सालचं, बांधलेल्यांतलं शेवटचं. आता तिथून त्याच मैदानातलं बोइंग ७८७ शोधा, जपानच्या एएनए या विमान कंपनीच्या रंगातलं, कंपनीने चाचण्यांसाठी उडवलेलं दुसरं विमान. त्याची रुंदी १९७ फूट. म्हणजे आज ज्यातून आपण खंड ओलांडतो त्याच्यापेक्षा ते जुनं विमान ३३ फुटांनी जास्त रुंद, आणि हे पोरांना सांगायचं नाही, दोन्ही दाखवून मोठं कुठलं ते विचारायचं. आमचा चुकला.

तिथेच सुपर गप्पी आहे, डोकं सुजलेल्या माशासारखं. अपोलोच्या वेळी सॅटर्न रॉकेटचा वरचा टप्पा याच्या पोटातून न्यायचे, रस्त्याने न्यायला तो फार रुंद होता. बी-५२ आहे, उजव्या पंखाखाली एक खुंटी असलेलं, त्या खुंटीला एक्स-१५ हे रॉकेटवर उडणारं विमान लटकवून वर नेऊन सोडायचे. आणि केनेडी-जॉन्सन यांच्या वापरातलं पंख्यांचं प्रेसिडेंटचं विमान.

आत हँगरमध्ये एसआर-७१ ब्लॅकबर्ड, हेरगिरीचं विमान. याच्याभोवती गर्दी असते, थांबा थोडं. ध्वनीच्या तिप्पट वेगाने उडताना अंग इतकं तापायचं की धातू फुगायचा, त्या हिशोबाने जोड ठेवलेले, त्यामुळे जमिनीवर थंड असताना टाक्यांतून इंधन ठिबकायचं. हे विमान १९७०च्या दशकात हवाई दलाने नासाला संशोधनासाठी दिलं तेव्हा एसआर-७१ हे प्रकरण गुपित होतं, म्हणून याला वायएफ-१२सी असं खोटं नाव आणि खोटा नंबर देऊन उडवलं. विमानाचंही टोपणनाव!

आणि आता ज्यासाठी मी मराठीत हे लिहायला बसलो ते. दुसऱ्या महायुद्धाच्या विमानांत एक बी-२४ लिबरेटर बॉम्बर आहे. अंगावर रंग अमेरिकन, नाव 'बंगे बकारू', त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही. हे विमान भारतीय हवाई दलाचं आहे. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला ढिगाने लिबरेटर टाकून दिले, कोणी परत उडवू नये म्हणून मुद्दाम मोडतोड करून. बंगलोरच्या एचएएल या विमान कारखान्याने त्यातली चाळीसएक उडण्यापुरती ठाकठीक केली, टेस्ट पायलट जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बंगलोरला उडवत नेली, तिथे नीट दुरुस्त झाली आणि १९४८ पासून आपल्या हवाई दलात दाखल झाली. पुण्याच्या ६ स्क्वाड्रनकडे हीच विमानं समुद्रावर टेहळणीला होती. १९६८ ला निवृत्त झाली तेव्हा जगात दुसऱ्या कुठल्याच हवाई दलाकडे लिबरेटर उरलं नव्हतं, म्हणून मग परदेशी म्युझियमनी आपल्याकडून मागून नेली, आणि हे १९६९ ला टूसॉनला आलं. अमेरिकेने बांधलं, ब्रिटिशांनी टाकलं, बंगलोरने जोडलं, आणि परत अमेरिकेत. आई त्याच्यासमोर बाकावर बराच वेळ बसली, मला वाटलं भारावली, तर म्हणे पाय दुखतायत.

तिथे जे स्वयंसेवक असतात ना, टोपीवाले आजोबा, त्यांच्यातले बरेच स्वतः हवाई दलातून निवृत्त झालेले असतात. एखाद्याला नुसतं विचारा, तुम्ही यातलं काय उडवलंय किंवा दुरुस्त केलंय. अर्धा तास बाजूला ठेवून मगच विचारा. आवारातच दुसऱ्या महायुद्धातल्या ३९० व्या बॉम्ब ग्रुप या अमेरिकन तुकडीचं वेगळं छोटं म्युझियम आहे, आत एक अख्खं बी-१७ बॉम्बर, ते चुकवू नका.

रस्त्यापलीकडे हवाई दलाच्या तळावर विमानांचं ते प्रसिद्ध बोनयार्ड, म्हणजे वापरातून काढलेली विमानं ठेवायची जागा, सुमारे २,६०० एकर. हवा कोरडी, पाऊस कमी, म्हणून गंज चढत नाही, आणि जमीन इतकी टणक की फरशी न करता विमान नुसत्या मातीवर उभं करता येतं. चालू तळ आहे, आपल्याला वाटेल तसं आत शिरता येत नाही, पण कोल्ब रोड त्याच्या मधूनच जातो, संध्याकाळी परतताना तिकडून या. गाडी चालवणाऱ्याने समोर बघायचं, हे आमच्याकडे दोनदा सांगावं लागलं.

ज्यांना हौस आहे त्यांनी दुसऱ्या दिवशी पंचवीस मैलांवरचं टायटन मिसाइल म्युझियम करावं, जमिनीखालच्या विहिरीत १०३ फुटी टायटन टू क्षेपणास्त्र अजून उभं आहे. जाताना आय-नाइंटीनवरच्या अंतराच्या पाट्या किलोमीटरमध्ये दिसतील, स्पीड लिमिट मात्र मैलातच. दोन्हीत गल्लत करू नका.

सगुआरो नॅशनल पार्कमध्ये आरव्ही घेऊन राहायची सोय नाही, आणि पूर्वेकडच्या लूप रोडवर आठ फुटांपेक्षा रुंद गाड्यांना बंदी, क्लास सी बहुतेक त्यात अडकते. पश्चिमेकडे जायचं असेल तर नकाशाने गेट्स पास हा डोंगरातला रस्ता दाखवला तरी ऐकू नका, तीव्र चढ आणि अरुंद वळणं आहेत, आहो वे आणि किनी रोडने जा.

टाकी रिकामी करणं

यालाच सगळे घाबरतात, म्हणून सावकाश सांगतो. तीन टाक्या असतात. फ्रेश म्हणजे चांगलं पाणी, ग्रे म्हणजे बेसिन-शॉवरचं, ब्लॅक म्हणजे संडासचं. साइटवर गटाराला पाइप जोडलेला असला तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह कायम बंद ठेवायचा. उघडा ठेवला तर पातळ सगळं वाहून जातं आणि घट्ट मागे राहून टाकीत ढीग जमतो, मग तो कशानेच हलत नाही. निदान दोन तृतीयांश भरू द्या, म्हणजे सोडलं की लोंढ्याबरोबर सगळं जातं.

सोडायच्या वेळी आधी हातमोजे. पाइपचं एक टोक गाडीला फिरवून खटका बसेपर्यंत लावा, ओढून बघा, परत ओढून बघा. दुसरं टोक जमिनीतल्या भोकात, त्यावर दगड किंवा कोणाचा तरी पाय. आता आधी ब्लॅक उघडा. आवाज येईल, मग कमी होईल, मग थांबेल. बंद करा. मग ग्रे उघडा, त्या साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हा क्रम उलटा केला तर पाइप कशाने धुणार? शेवटी ब्लॅकमध्ये थोडं पाणी आणि ती केमिकलची पुडी टाका, कोरडी टाकी कधी ठेवू नका. संडासात आरव्हीचा पातळ कागदच, ओले वाइप्स अजिबात नाही, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

डम्प स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, दोन नळ असतात. एकाने पाइप धुतात, दुसरा प्यायच्या पाण्याचा, आणि बोर्ड लावलेला असतो. तो बोर्ड वाचा. आपला पांढरा होज त्या धुवायच्या नळाला कधीही लावायचा नाही.

पहिल्यांदा मी खटका न बसवता व्हॉल्व्ह उघडला होता. जास्त सांगत नाही, बूट तिथेच टाकून आलो.

पुढे आणि परत

टूसॉनहून कार्चनर केव्हर्न्स पन्नासएक मैल. दोन तरुणांना १९७४ ला ही गुहा सापडली आणि नासधूस होऊ नये म्हणून त्यांनी ती कितीतरी वर्षं लपवून ठेवली, लोकांसाठी उघडली १९९९ मध्ये. टूरचं तिकीट आधी काढा, आत फोन-कॅमेरा चालत नाही. कॅम्पग्राऊंडला वीज-पाणी आहे आणि रात्री अंधार चांगला असतो, आरव्हीचे बाहेरचे लाइट बंद करून खुर्च्या टाका.

मेक्सिकोची बॉर्डर जवळ असल्यामुळे दक्षिणेकडून वर येताना बॉर्डर पेट्रोलचे चेकपॉइंट लागतात. पासपोर्ट, व्हिसा, ग्रीन कार्ड जे असेल ते वरच्या बॅगेत पाहिजे, बेडखालच्या सुटकेसमध्ये नाही. इंडियातून आलेल्या आई-बाबांचं तर नक्कीच.

परत द्यायच्या दिवशी निम्मा दिवस मोकळा ठेवा. टाक्या रिकाम्या, पेट्रोल आणि प्रोपेन ठरल्याप्रमाणे भरलेलं, आतून झाडू, आणि परत फोटो. चावी देण्याआधी ओव्हन उघडून बघा. चालताना खडखड होऊ नये म्हणून तवा सगळे तिथेच ठेवतात, आमचा बिडाचा तवा अजून कुठेतरी ॲरिझोनात फिरत असेल.